चौथी शीव

१

दोहाच्या अल मन्सूरातल्या त्या खोलीत सहा माणसं राहत. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, त्यातली पाच घोरत पडलेली असत आणि सहावा डोंगर लिहीत बसलेला असे.

सहावा म्हणजे जालिंदर. मुक्काम उंबरखोल वाडी, तालुका पाथरवळ. सह्याद्रीच्या ऐन कण्यावरच्या या तालुक्यात हातभर सपाट जमीन मिळाली तरी लोक तिथे खळं करतात. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला नशिबाने नेमकं कतारला आणून टाकलं. इथे टेकडी बघायची तर आधी कुणीतरी माती ओतून ती तयार करावी लागते. गेली अकरा वर्षं तो दोहात सर्व्हेअर होता. आठवडाभर रस्त्यांच्या आणि गटारांच्या लेव्हल घ्यायच्या, म्हणजे कुठली जमीन कुठल्या जमिनीपेक्षा किती मिलिमीटर उंच आहे ते मोजायचं, आणि शुक्रवारी चहाचा कप खिडकीत ठेवून जाडजूड फाइल उघडायची. फाइलवर त्याने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'पाथरवळ तालुका व उंबरखोल वाडी, इतिहास आणि भूगोल.'

गरज खरं तर दोन पानांची होती. वाडीच्या माथ्यावरचं रान, तिथला हिरडा, गुरांची चराई आणि एक बारमाही झरा वाडीच्या हक्काचा व्हावा म्हणून गावाने सामूहिक वनहक्काचा दावा टाकला होता. त्याला वाडीची माहिती आणि नकाशा जोडायचा होता. पण हा गडी एकदा कशाच्या मागे लागला की हात धुऊन लागायचा. दोन पानांची एकशे चाळीस झाली. एकाच माथ्यावर उगवलेल्या दोन नद्या, एक पूर्वेला जाते, एक पश्चिमेला, त्या परत कधी भेटत नाहीत, हे त्यात होतं. मिठाचे बैल घाट कसे चढत, साथीच्या साली वाडी तीन घरांवर कशी आली, शाळेच्या पहिल्या भिंतीला दगड कुणी वाहिले, सगळं होतं.

नव्हती ती एकच गोष्ट, आणि घोडं तिथेच अडलं होतं. दावा एकदा परत आला होता. चतुःसीमेच्या रकान्यात पूर्व, पश्चिम आणि दक्षिण भरलेली होती. उत्तरेस काय, ते लिहिलेलं नव्हतं. वर 'अपूर्ण' असा शेरा. पुन्हा दाखल करायला वीस दिवसांची मुदत होती. ती हुकली तर रान हातचं जाणार, आणि रान गेलं की उंबरखोलच्या बावीस घरांना गाशा गुंडाळण्यावाचून गत नव्हती. त्या बावीसांत एक घर जालिंदरचं होतं. तिथे त्याची बायको संजीवनी आणि चौथीतली नयना राहत.

वाडीची शीव तोंडपाठ असणारं आता एकच माणूस उरलं होतं, केसरबाई, त्याची आत्या. दरसाल जत्रेला जालिंदरचा बाप खिंडीत उभा राहून शीव बोलायचा. लहानपणापासून ऐकून ऐकून ती आत्याच्याही ओठावर बसली होती. बायकांनी ती मोठ्याने म्हणायची रीत नव्हती, पण बाप जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि ज्याची पुढची पाळी तो पोरगा कतारात गटारं मोजत होता. तेव्हा आत्याने फोनवर बोलून आवाज पाठवला होता.

जालिंदरने तो कानाला लावला.

"उगवतीला भैरीची आळी. मावळतीला सांबरकडा. दक्षिणंला जोगतिणीचा ओढा..."

मग आत्या थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता, मागे कोंबडी कलकलत होती. आणि नंतर एक आवाज आला. टक. एका दगडावर दुसरा दगड ठेवावा तसा.

आत्याने दगड ठेवला असेल, असं त्याला वाटलं. बापही तसंच करायचा. तीन दिशा बोलायच्या आणि चौथीला तोंडातून शब्द न काढता खिंडीतल्या दगडांच्या राशीवर एक दगड ठेवायचा. पण मग त्याच्या लक्षात आलं की आत्या घरात, चुलीपाशी बसून बोलत होती. चुलीपाशी कुठली रास आली?

२

त्याने लगेच फोन लावला.

"आत्या, दगड कशाला ठेवलास मधेच?"

"कुठला दगड? मी भाकऱ्या थापत हुते."

"बरं, असू दे. वरल्या बाजूला काय आहे ते सांग. उत्तरेला."

"वरली बाजू हाय."

"तिला नाव असेल ना काही."

"न्हाई."

"अगं, पलीकडचं गाव कोणतं?"

"जालिंदर," आत्या म्हणाली, "तुझा बाप मला हेच सांगायचा, त्याला त्याचा बाप सांगायचा. तीन बाजू बोलायच्या, चवथीला दगड ठेवायचा. एवढंच काम हाय. तुला कागदावर काय लिवायचं ते लिव, पर वरल्या बाजूला नाव ठेवू नगंस."

"नाव नाही लिहिलं तर रान जातंय आपलं."

  आत्याने संजीवनीला हाक मारून फोन तिच्या हातात दिला.

जालिंदर देवभोळा नव्हता. नकाशात रिकामी जागा म्हणजे कुणाचा तरी आळस, अशी त्याची साधी समजूत होती. त्याने जुने नकाशे धुंडाळले. साहेबाच्या काळातल्या एका नकाशात पाथरवळचे सगळे कडे, ओढे, पायवाटा सुरेख काढलेल्या होत्या. वाडीच्या उत्तरेला मात्र खिंडीपर्यंत रेघ येऊन तिथे तीन ठिपके देऊन थांबली होती. स्वातंत्र्यानंतरच्या नकाशात तेही ठिपके नव्हते. उपग्रहाच्या चित्रात तिथे ढग होता. त्याने वेगवेगळ्या वर्षांची, ऐन उन्हाळ्यातली सात चित्रं पाहिली. सातही चित्रांत त्या तेवढ्याच जागी ढग होता.

डोंगरमाथ्याला ढग अडकायचाच, त्याने मनाला सांगितलं. त्याने सचिनला फोन लावला. सचिन त्याचा चुलतभाऊ, दाव्याच्या समितीचा सचिव, वाडीतला एकमेव माणूस ज्याला मोबाइलवर वाटेची नोंद करता येत असे.

"खिंडीत जा, राशीच्या पुढे दोनशे पावलं चाल आणि मला वाट पाठव."

सचिन दुसऱ्या दिवशी गेला. वाट आली. तांबडी रेघ वाडीतून चढत चढत राशीपाशी आली होती आणि तिथे थबकली होती.

"दादा, पुढं नाही गेलो. उशीर झालेला."

"किती वेळ होतास तिथे?"

"असेन दोन मिनिटं. पाणी प्यालो अन् फिरलो."

जालिंदरने आकडे पुन्हा पाहिले. नोंदीप्रमाणे सचिन राशीपाशी चार तास उभा होता.

"जीपीएस गंडलं असेल," सचिन म्हणाला.

"असेल," जालिंदर म्हणाला. डोंगरात असं होतं, हे त्यालाही माहीत होतं. सचिनच्या आवाजात एवढा थकवा का होता, ते मात्र त्याने विचारलं नाही.

३

मुदतीला चार दिवस उरले तेव्हा जालिंदरने निर्णय घेतला.

साइटवर ज्या खुणेला नाव नसतं तिला सर्व्हेअर आपलं नाव देतो. कुणाला विचारत नाही, खिळा ठोकतो, शेजारी रंगाने नाव लिहितो, खलास. दोहात फुटपाथांच्या कडेने अशा किती खुणा त्याच्या नावाने ठोकलेल्या होत्या. त्याच्याच खोलीत राहणारा, कामावरचा गाडीवाला बालाजी त्याला चिडवायचा, "लेका, गावाकडं तुझ्या नावावर गुंठाभर जमीन न्हाई, अन् इथं अर्धं शहर करून बसलास."

मग खिंडीतल्या खुणेला आपलं नाव द्यायला काय हरकत होती? शीव बोलायची पाळीही त्याचीच होती. आत्याला नाव नको होतं, कारण तिला कुठलं तरी जुनं, भलतंसलतं नाव येईल अशी भीती असणार. हे तर घरचंच नाव होतं. शुक्रवारी सकाळी त्याने फॉर्म उघडला आणि टाइप केलं :

'उत्तरेस : जालिंदर.'

शेजारी खिंडीचे अक्षांश-रेखांश टाकले, नकाशावर तेच नाव लिहिलं आणि फाइल सचिनला धाडून दिली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं. उठून त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला.

टक.

आवाज भिंतीतून आला. उत्तरेच्या भिंतीतून, जिला लागून त्याची कॉट होती.

"एसीचा पाइप," शेजारच्या कॉटवरून बालाजी डोळे न उघडताच म्हणाला. "आता ह्यो बी वाजायलाय."

जालिंदरने भिंतीला हात लावून पाहिला. दुपारी बेचाळीस डिग्री होणाऱ्या त्या शहरात ती भिंत गार आणि दमट लागत होती. त्याने हात नाकाशी नेला. ओल्या गवताचा वास येत होता. एसीचं पाणी झिरपलं असेल, असं म्हणून त्याने हात पुसला आणि खाली जाऊन सगळ्यांसाठी पराठे आणले.

४

त्या आठवड्यापासून त्याच्या लेव्हल जुळेनाशा झाल्या.

काम साधं होतं. पक्क्या खुणेपासून निघायचं, मोजत मोजत चक्कर मारून परत त्याच खुणेवर यायचं. निघताना जी उंची तीच परतताना आली पाहिजे. एकाच जागेला दोन उंच्या असू शकत नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. पण दोहाच्या वेस्ट बे भागातल्या रस्त्यावर जालिंदरची चक्कर नऊ मिलिमीटरने चुकली. दुसऱ्या दिवशी एकवीसने. तिसऱ्या दिवशी तो पहाटेच, हवा तापायच्या आत गेला, मशीन बदलून घेतलं, तिपाईचे पाय दोनदा दाबले. चूक सदुसष्टवर गेली.

"मला दिसायलंय की जमीन सपाट हाय," बालाजी म्हणाला. गाडी हाकायची आणि मोजायची उंच पट्टी धरून उभं राहायचं, अशी त्याची दोन्ही कामं होती. "तुझ्या डोळ्याला काय झालंय का?"

"डोळा मशीनचा आहे."

"मग मशीनला चष्मा लाव."

जालिंदर हसला, पण त्याने आकडे घेऊन खोलीत मांडले तेव्हा त्याचं हसू मावळलं. चूक कुठेही, कशीही होत नव्हती. पूर्वेकडे मोजलेलं बरोबर होतं, पश्चिमेकडे बरोबर होतं, दक्षिणेकडे मिलिमीटरचाही फरक नव्हता. उत्तरेला पट्टी धरली की तेवढी जमीन चढत होती. आणि रोज थोडी जास्त चढत होती.

त्याने हिशेब केला. चढ असाच वाढत राहिला तर किती दिवसांत केवढा डोंगर होईल, तो आकडा काढता येण्यासारखा होता. आकडा काढायचा नाही असं ठरवून त्याने वही मिटली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक बेरीज अर्धवट सोडली होती, आणि त्याला त्याची शरम वाटली.

त्याच दुपारी गाडीच्या मागच्या हौद्यात तिपाई ठेवताना बालाजीला एक दगड सापडला. नारळाएवढा असेल.

"हे कशाला आणलंस?"

जालिंदरने दगड हातात घेतला. कतारचा दगड पांढुरका, ठिसूळ, नखाने पूड निघावी असा. हा काळाभोर होता, जड होता, आणि त्याच्या एका अंगाला हिरवं शेवाळ होतं. शेवाळ ओलं होतं. असला दगड कुठे मिळतो ते त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं.

"टाकून दे," बालाजी म्हणाला.

पण जालिंदरने तो टाकला नाही. असा दगड कुठेही टाकायचा नसतो, एवढं त्याला बापाने शिकवलं होतं. त्याने तो खोलीवर नेऊन कॉटखाली ठेवला. गुरुवारपर्यंत तिथे तीन दगड झाले होते.

५

सुनावणीच्या दिवशी आत्याचा फोन आला. आत्या आपणहून फोन कधी करत नसे.

"सचिन तालुक्याला गेलाय. जाताना कागद वाचून दावला त्यानं. तू वरल्या बाजूला तुझं नाव लिवलंस?"

"तेवढंच सुचलं, आत्या. कुणाचं काही बिघडत नाही त्यात."

"पुसून टाक, लेकरा." आत्या रडत होती. आत्याला त्याने बापाच्या दहाव्यालाही रडताना पाहिलं नव्हतं. "आत्ताच्या आत्ता सचिनला सांग, पुस म्हनावं."

"पुसलं तर दावा परत येईल. मग रान नाही, झरा नाही. कुठे जाणार सगळी?"

"आरं, नाव नव्हतं म्हनून ती बाजू जागच्या जागी हुती. आता तुझं नाव दिलंस. तिला कळलं कुठं यायचं ते."

 जालिंदरने आवाज सरळ ठेवला. "आत्या, मी दोन हजार किलोमीटर लांब आहे."

"खिंडीतली रास न्हाई राहिली," आत्या म्हणाली. "सकाळी गुराकडं गेलेल्यांनी बघितलं. एक दगड शिल्लक न्हाई. गवत तेवढं दबलंय, गोल."

तो कॉटवर बसला होता. त्याने पाय हळूच वर घेतले. कॉटखाली वाकून दगड किती झाले ते बघायची त्याला इच्छा होत नव्हती.

फॉर्म अजून बदलता आला असता. सचिन तालुक्याच्या कचेरीत बाकावर बसून होता, एक फोन लावला की काम होतं. जालिंदर भिंतीकडे बघत बसला. एका पारड्यात बावीस घरं होती आणि दुसऱ्या पारड्यात कॉटखालचे दगड, ज्यांचा अर्थ त्याला स्वतःलाही धड लावता येत नव्हता. शहाणा माणूस दगडांना घाबरून रान सोडत नाही, असं त्याने ठरवलं. आणि समजा घाबरण्यासारखं खरंच काही असलं, तरी ते वाडीतून निघून गेलं होतं. हेही वाईट नव्हतं.

त्याने सचिनला फोन केला नाही. दुपारी तीन वाजता सचिननेच केला, आणि तो आनंदाने नुसता ओरडत होता. दावा मंजूर झाला होता. मागे हलगी वाजत होती.

६

पुढच्या सोमवारी त्यांना अल रुवैसला पाठवलं. देशाच्या उत्तरेच्या टोकाचं ते कोळ्यांचं लहान बंदर. तिथल्या एका जुन्या धक्क्याच्या लेव्हल घ्यायच्या होत्या. सकाळचे आठ वाजले होते. समुद्र निपचित पडला होता, दोन लाकडी होड्या दोरीला बांधलेल्या होत्या आणि धक्क्यावर वाळत घातलेल्या जाळ्यांना मासळीचा वास येत होता.

जालिंदरने धक्क्याच्या मुळाशी मशीन लावलं. बालाजी पट्टी घेऊन धक्क्याच्या टोकाला, उत्तरेला जाऊन उभा राहिला. त्याच्या मागे पाणी, फक्त पाणी.

जालिंदरने दुर्बिणीला डोळा लावला. पट्टीवरचा आकडा दिसेना. मशीनची आडवी रेघ बालाजीच्या चपलांखालून जात होती. म्हणजे सपाट धक्क्यावर उभा असलेला बालाजी मशीनखालच्या जमिनीपेक्षा पुरुषभर उंच जागी उभा होता.

त्याने डोळा काढून पाहिलं. धक्का सपाट. बालाजी जांभई देत होता. तापल्या पाण्यावरची हवा असे खेळ करते, त्याने स्वतःला बजावलं. क्षितिजाखालची होडी वर उचललेली दिसते, हे त्याने इथल्या कोळ्यांकडूनच ऐकलं होतं. त्याने पुन्हा डोळा लावला आणि दुर्बीण हलके हलके वर फिरवली.

बालाजीच्या मागे चढ होता. गवताचा, कमरेएवढ्या, वाऱ्याने एका अंगाला निजलेल्या गवताचा. वर खिंड होती, तिचे दोन्ही खांदे त्याला ओळखीचे होते, लहानपणी तो तिथे करवंदं खायला जात असे. खिंडीत रास होती. आणि राशीच्या पलीकडे कुणीतरी उभं होतं.

माणूस म्हणावं तर म्हणता आलं असतं. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्याने एक हात कपाळावर धरला होता आणि ते इकडे, खाली बघत होतं. दुसऱ्या हाताचं बोट हळूहळू हलत होतं, एक, मग पुढचं, मग पुढचं. गुराखी संध्याकाळी गुरं मोजतो तसं. बोट जालिंदरवर आलं आणि थांबलं.

मग त्याची नजर जालिंदरच्या डोक्यावरून दक्षिणेकडे गेली, आणि तिच्याबरोबर बोटही पुढे सरकायला निघालं. खिंडीच्या दक्षिणेला बावीस घरं होती.

जालिंदर एकदम आडवा आला. असं त्याने का केलं ते त्याला कधीच सांगता आलं नसतं; त्याने दोन्ही हात पसरले आणि मशीनच्या पुढे, दुर्बिणीच्या रेषेत, जाऊन उभा राहिला. रस्त्यात बैल उधळला की त्याच्या पुढे पोरांना पाठीशी घालून उभं राहतात तसा. समोर समुद्र होता. होड्या होत्या. तो हलला नाही.

"काय करायलास, लेका?" बालाजी ओरडला. "आकडा घेतला का न्हाई?"

मिनिटभराने जालिंदर परत मशीनपाशी आला. दुर्बिणीत आता पट्टी दिसत होती, आकडा सरळ होता, मागे पाणी होतं. त्या दिवशी अकरा दिवसांत पहिल्यांदा त्याची चक्कर जुळली. मिलिमीटरचाही फरक आला नाही.

बालाजी पट्टी खांद्यावर टाकून आला तेव्हा त्याच्या विजारीला गुडघ्यापर्यंत गवताची कुसळं लागलेली होती. तो ती वैतागून झटकत होता. "कुठनं लागली ही," असं तो म्हणाला, आणि जालिंदर तिपाई मिटू लागला.

७

वाडीने सत्कार ठरवला होता. सचिनने फेटा आणून ठेवला होता, संजीवनीने लिंपून घर नवं केलं होतं. कंपनीने महिन्याची सुट्टी मंजूर केली होती, तिकीट खिशात होतं.

जालिंदरने दोन दिवस विचार केला. विचार म्हणजे त्याने फाइलच्या कोऱ्या पानावर एक नकाशा काढला. मन्सूरात भिंत कुठली वाजली? उत्तरेची. वेस्ट बेत जमीन कुठे चढली? उत्तरेला. रुवैसला रास कुठे दिसली? माझ्या उत्तरेला. मी जिथे, तिथून वर ती बाजू. मग मी उंबरखोलच्या अंगणात फेटा बांधून उभा राहिलो तर माझ्या उत्तरेला काय काय येतं, ते त्याने मोजलं. शाळा येत होती, झरा येत होता, बावीसांतली चौदा घरं येत होती. ती सगळी शिवेच्या पलीकडे पडली असती. आणि त्याच्या अंगणाला लागून, लिंपलेल्या भिंतीशी, रास उभी राहिली असती.

तिकीट त्याने रद्द केलं. ऑफिसात जाऊन रुवैसच्या कामावर कायमची बदली मागितली; त्या धक्क्याच्या उत्तरेला कुणाचं घर नव्हतं, नुसतं पाणी होतं. तिथे एकटं राहायला कुणी तयार नसतं. साहेब खूष झाला. बालाजीने मात्र खूप शिव्या दिल्या आणि शेवटी त्याचा बिछाना आणि एक गोणी स्वतः गाडीत घालून रुवैसला पोचवली. गोणीत काय आहे ते त्याने विचारलं नाही. उचलताना त्याला कळलं असणार.

संजीवनीला सांगणं सगळ्यात अवघड होतं. "कधी येणार मग?" तिने विचारलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "काम आहे," तो म्हणाला, "मी सोडलं तर दुसरं कुणी नाही करायला." ती रडली नाही, पण फोन आत्याकडे दिला, आणि आत्या म्हणाली, "दगड ठेवतोस न्हवं?" तो "हो" म्हणाला. "तुझा बाप बी भ्यायचा," आत्या म्हणाली. "पर जायचा." 

आता तो रोज सकाळी कामाआधी धक्क्याच्या टोकाला जातो. कोळी त्याला ओळखतात, सलाम करतात. तो तीन बाजू बोलतो, भैरीची आळी, सांबरकडा, जोगतिणीचा ओढा, आणि चौथीला तोंड मिटून एक दगड ठेवतो. रास आता छातीला आली आहे. त्याने इतके दगड ठेवलेले नाहीत. तो एक ठेवतो, मग पलीकडून, पाण्याच्या बाजूने, एक ठेवल्याचा आवाज येतो. त्या बाजूला तो वाकून बघत नाही. सरळ उभा राहतो, आवाज झाला की कामाला जातो.

परवा शुक्रवारी तो राशीपाशीच बसलेला असताना नयनाचा फोन आला. तिला गृहपाठ होता, आपला तालुका, इतिहास आणि भूगोल.

"बाबा, वाडीच्या चतुःसीमा लिहायच्यात. पूर्व, पश्चिम, दक्षिण आत्याआजीनं सांगितली. उत्तरेस काय लिहू?"

"लिही, उत्तरेस बाबा."

ती खुदकन हसली. पेन्सिलीचा आवाज आला. "लिहिलं. आणि बाबांच्या पलीकडे?"

जालिंदरने राशीकडे पाहिलं. सकाळचा दगड त्याने केव्हाच ठेवला होता, पलीकडचाही येऊन गेला होता. तरीही, तो बघत असतानाच, पलीकडच्या बाजूने आणखी एक काळा, ओला दगड राशीच्या माथ्यावर हळूच येऊन टेकला. त्यावरची बोटं लगेच मागे गेली नाहीत.

"बाबा? पलीकडे काय लिहू?"

"काही लिहू नकोस, बाळ," तो म्हणाला, आणि उठून राशीपुढे उभा राहिला. "ते रिकामं सोड."

"बाई मार्क कापतील."

"कापू देत."